छापील जग की घरचे जग : सातपुड्याच्या पायथ्याशी खेळविश्व निवडताना

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि अनेक बाजूंचे फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, आणि सूत्रधार, ज्याला खेळाडू 'डीएम' म्हणतात, त्या पात्रांभोवतीचे जग बोलून उभे करतो. या जगाचा भूगोल, इतिहास, राज्ये, देवदेवता आणि चालीरीती यांच्या एकत्रित मांडणीला 'सेटिंग' म्हटले जाते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून सेटिंग विकत घ्यावी की स्वतः रचावी हा प्रश्न प्रत्येक नव्या गटासमोर येत राहिला आहे. नंदुरबार जिल्ह्यात खेळ मांडू पाहणाऱ्या गटापुढे तो अधिक तीव्रतेने येतो, कारण इथली भूमीच कथांनी इतकी भरलेली आहे की घरचे जग रचण्याचा मोह आवरत नाही, आणि सर्वांत गंभीर चूक नेमकी त्या मोहातून घडते.

छापील सेटिंगचा लाभ उघड आहे. एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात वाढवलेले आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झालेले 'फॉरगॉटन रिअल्म्स', किंवा 2002 च्या स्पर्धेत सुमारे अकरा हजार प्रस्तावांतून निवडले गेलेले कीथ बेकर यांचे 'एबेरॉन', यांत नकाशे, नगरे, राजघराणी, शत्रू आणि साहसांचे धागे आयते मिळतात, त्यामुळे नोकरी, शेती किंवा परीक्षा सांभाळून खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराचा बराच वेळ वाचतो. परंतु ही पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत, आणि घरात अहिराणी, गुजरी, भिलोरी किंवा पावरी बोलणारे खेळाडू टेबलावर असतील तर सूत्रधाराला प्रत्येक सत्रात अनुवादकाचेही काम करावे लागते. शिवाय एखाद्या खेळाडूने त्या जगावरच्या कादंबऱ्या वाचलेल्या असल्या, तर पुस्तकात काय लिहिले आहे या वादात खेळ अडकतो. हा वाद टाळण्याचा उपाय एकच, आणि तो पहिल्या बैठकीपूर्वीच करावा लागतो : छापील जग हा केवळ आधार असून टेबलावर जे घडेल तेच प्रमाण, हे सूत्रधाराने स्पष्ट सांगून ठेवावे.

घरचे जग रचणाऱ्याचा तोटा वेगळ्या प्रकारचा असतो. तो बहुधा विश्वाच्या उत्पत्तीपासून आरंभ करतो, राजवंशांच्या याद्या करतो, लिपी बनवतो, आणि पहिल्या सत्रात खेळाडू विचारतात ते फक्त एवढेच, की मुक्काम कुठे करायचा आणि पलीकडच्या डोंगरात काय आहे. गायगॅक्स यांचे 'ग्रेहॉक' हे जग 1980 मध्ये छापून विक्रीला आले, पण 1972 च्या सुमारास त्याचा प्रारंभ एका किल्ल्यापासून आणि त्याखालच्या भुयारांपासून झाला होता. बाकीचा प्रदेश खेळाडूंच्या पावलांबरोबर वाढला. नंदुरबारच्या गटाला अशा प्रारंभासाठी दूर जाण्याची गरज नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात भरणारा घोड्यांचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून एक काल्पनिक यात्रा रचली, जिथे दूरदूरच्या मुलखांतले व्यापारी, घोडेवाले, नवस फेडायला आलेले लोक आणि लपूनछपून वावरणारे हेर एकत्र येतात, तर अनोळखी पात्रांना एकमेकांशी जोडणारे कारण, पैशाची चणचण आणि पहिले संकट या तिन्ही गोष्टी एकाच मैदानावर मिळतात. दक्षिणेला तापीची सपाटी, उत्तरेला नर्मदेची खोल दरी, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्यावर तोरणमाळसारखे तळे असलेले पठार, एवढा भूगोल अनेक महिन्यांच्या खेळाला पुरतो. भूगोल कुणाचाही अवमान न करता उसना घेता येतो.

श्रद्धेचे तसे नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1980 च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू यांनाही 'हिट पॉइंट', म्हणजे मरण्यापूर्वी सोसता येणाऱ्या घावांचा आकडा, देण्यात आला होता, आणि याच खेळातला राक्षस वाघाचे डोके असलेला कपटी शत्रू म्हणून दाखवला जातो. ज्या सातपुड्यात वाघदेवाची पूजा होते तिथे हे चित्र विचार न करता टेबलावर आणणे अयोग्य आहे. अक्राणी तालुक्यातील अस्तंभा शिखराचे उदाहरण अधिक बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो लोक हे शिखर चढतात, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा या डोंगरांत आजही फिरतो अशी श्रद्धा आहे. फँटसी खेळांच्या साच्यात अमर, जखमी, शापित योद्धा म्हटला की तो अखेरचा खलनायक ठरतो, त्यामुळे सूत्रधाराचा हात आपोआप तिकडे जातो. परंतु ज्याचे वडील किंवा भाऊ ती यात्रा करून आले आहेत अशा खेळाडूला त्याच अश्वत्थाम्यावर तलवार चालवायला लावणे हा खेळ राहत नाही. धान्याची देवी याहामोगी, जिचे मुख्य स्थान सीमेपलीकडे देवमोगरा येथे आहे, तिच्याविषयीही हेच म्हणावे लागते. शाप, तहान, न भरणारी जखम या कल्पना घ्याव्यात, मात्र नाव, स्थान आणि विधी बदलावेत; आणि भिल्ल किंवा पावरा समाजाचा खेळाडू टेबलावर असेल तर त्याला आधी विचारावे, कारण त्या कथेवर पहिला अधिकार त्याचा आहे.

पाण्याखाली गेलेले राज्य हा फँटसीतला आवडता विषय असल्याने आणखी एक इशारा आवश्यक ठरतो. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली, आणि मणिबेलीसारख्या गावांतून उठवलेल्या कुटुंबांची मुले आज पुनर्वसन वसाहतींत वाढत आहेत. बुडालेले गाव खजिना शोधण्याची जागा म्हणून रंगवण्यापूर्वी टेबलावर कोण बसले आहे हे सूत्रधाराने पाहिलेच पाहिजे. एखाद्या खेळाडूला स्वतःहून ती कथा खेळायची असेल तर तिला खजिन्यापेक्षा फार मोठा अर्थ मिळू शकतो, आणि तेव्हा ती त्याच्याच हाती सोपवावी.

नियमांची अडचण आता राहिलेली नाही. जानेवारी 2023 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले, त्यामुळे मूळ स्रोताचा उल्लेख करून ते मराठीत आणता येतात आणि त्यांवर स्वतःचे जग उभारता येते. फॉरगॉटन रिअल्म्ससारखी छापील जगे मात्र या परवान्यात येत नाहीत. म्हणून ज्या सूत्रधाराला आठवड्यातून एखादाच तास तयारीसाठी मिळतो त्याने छापील साहस घेऊन त्यातली नावे आणि गावे बदलावीत, आणि ज्याला थोडा अधिक वेळ आहे त्याने एक यात्रा, एक नदीउतार आणि एक डोंगर एवढेच रचून पुढच्या शनिवारी खेळाडूंना बोलवावे.