चहाचे प्रकार व त्यांतील गुणद्रव्ये

चहा हे पेय आज घरोघरी इतके रुळले आहे की, आल्यागेल्यास चहा न विचारणे हा आतिथ्यातील उणेपणा समजला जातो. परंतु दिवसातून दोन-तीन वेळा आपण जे पेय घेतो, त्यात कोणती द्रव्ये असतात आणि ती शरीरास केव्हा उपकारक व केव्हा बाधक होतात, याचा विचार थोडेच लोक करतात.

प्रथम ध्यानात घ्यावे की, पांढरा, हिरवा, ऊलाँग व काळा चहा ही निरनिराळी झाडे नव्हेत. कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीची ही पाने होत. तिच्या मुख्य जाती दोन : लहान पानांची चिनी व मोठ्या पानांची आसामी. चहाच्या प्रकारांत भेद पडतो तो मुख्यतः पाने खुडल्यानंतर त्यांवर होणाऱ्या संस्कारांमुळे.

ताज्या कोवळ्या पानांत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये विपुल असतात. जपानी संशोधिका मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले. पान चुरडले की त्यातील एन्झाइम नामक द्रव्यामुळे कॅटेचिनांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. कापलेले सफरचंद काळे पडते, तशातलाच हा प्रकार. हिरव्या चहाची पाने लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवितात. त्यामुळे एन्झाइम निकामी होऊन कॅटेचिने टिकतात. पांढऱ्या चहाचे कोवळे कोंब केवळ सुकवितात. ऊलाँगमध्ये ही क्रिया मध्येच थांबवितात, तर काळ्या चहात ती पूर्ण होऊ देतात. तेव्हा कॅटेचिनांपासून थिआफ्लेविने व थिआरुबिजिने तयार होतात. पहिल्यांमुळे चहास तरतरीत चव व सोनेरी झळाळी येते, दुसऱ्यांमुळे गडद तांबूस रंग. आपली दाणेदार चहापूड याच काळ्या वर्गातील. या सर्व प्रकारांत कॅफिन असते. गवती चहा मात्र निराळेच गवत असून त्यात कॅफिन नसते.

नियमाने चहा घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणून चहास औषध मानणे मात्र योग्य नव्हे, कारण अशा पाहण्यांत खाणेपिणे, राहणी यांचाही वाटा असतो. अर्काच्या गोळ्या तर सावधपणेच घ्याव्यात. हिरव्या चहाच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक कॅटेचिन घेतल्यास यकृतास अपाय संभवतो, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला आहे.

माता-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. ही गुणद्रव्येच धान्य, कडधान्य व पालेभाज्या यांतील लोहास आतड्यात बांधून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतल्यास असे लोह अंगी लागण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. याचे कारण एकटा चहा नव्हे, हे खरे. पण सकाळी चहा-पोळीवर भागविणाऱ्या गृहिणीस आणि शाळकरी मुलीस ही सवय महाग पडते.

यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत, जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा टाळावा, असे सांगितले आहे. लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये. उलट मटकीच्या उसळीवर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. चहा सोडण्याची गरज नाही. त्याची वेळ तेवढी बदलावी आणि घरातील मुलींनाही लहानपणापासून तशीच सवय लावावी.