जुन्या गाडीचे रूप : मशीन हाती घेण्यापूर्वी

जुनी गाडी विकायची असो वा ठेवायची असो, गॅरेजमध्ये येणारा मालक एकच मागणी करतो, "उस्ताद, रबिंग-पॉलिश मारून द्या." आमच्या कारागीर बांधवांपैकी पुष्कळजण लगेच मशीन हाती घेतात. दोन तासांत गाडी चकाकते, मालक खूश होतो. काही महिन्यांत तीच गाडी पहिल्यापेक्षा फिकी दिसू लागते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजचा पत्ता विचारत फिरते.

हल्ली या कामाला डिटेलिंग असे नाव मिळाले आहे. ॲम्बेसेडर आणि मारुती 800 या दोन्ही गाड्यांचे उत्पादन 2014 साली बंद झाले, पण जपून ठेवलेल्या अशा गाड्या अद्याप आहेत. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी तपासणीनंतर पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यामुळे जुन्या गाडीवर चार पैसे खर्च करणारे मालक भेटतात. हात सावकाश चालवणाऱ्या कारागिराला येथे चांगला वाव आहे.

प्रथम रंगाची गोष्ट समजून घ्यावी. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते. त्यातील वरचा पारदर्शक थर, ज्याला आपण क्लिअर म्हणतो, तो 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. कंपाऊंड लावून मशीन फिरवले की ओरखडा बुजत नाही. ओरखड्याच्या भोवतालचा रंग घासून खाली येतो आणि पृष्ठभाग सपाट होतो, म्हणून चमक दिसते. प्रत्येक रबिंगमध्ये रंग खर्च होतो. गाडी जितकी जुनी, तितका हा ठेवा कमी उरलेला असतो.

म्हणून मशीन लावण्यापूर्वी एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन हाताने घासून पाहावे. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, रंग एकाच थराचा आहे. जुन्या लाल गाड्या उन्हाने गुलाबीसर होतात आणि हात फिरवल्यावर खडूसारखी पूड लागते, त्या या प्रकारच्या. त्या पॉलिशने पुष्कळ सुधारतात. मात्र टपावर किंवा बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटले असतील तर क्लिअर संपलेले आहे. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही, तो पत्रा पुन्हा रंगवावाच लागतो. हे मालकाला आधीच सांगावे. नखाने चाचपून पाहावे. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने जाणार नाही, हेही सांगावे.

धुण्याचे काम पोऱ्यावर सोपवू नये. निम्मे ओरखडे धुतानाच पडतात. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवावी, मग दोन बादल्या ठेवाव्यात, एक शॅम्पूची आणि एक कापड विसळण्याची. कपड्यांची पावडर नको. टायर व रबरावर रॉकेल किंवा डिझेल मारण्याची आपल्याकडची सवय सोडलेली बरी, त्याने रबर फुगते आणि पुढे तडकते. धुतल्यावरही पत्रा हाताला खरखरीत लागत असेल तर शॅम्पूचे पाणी मारून क्लेची वडी हलक्या हाताने फिरवावी. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी, तिला चिकटलेला एक खडा सगळे काम बिघडवतो.

मग पॉलिश. एका पत्र्यावर फूटभर चौकोन करून, सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ पॅडपासून सुरुवात करावी. तेवढ्याने भागले तर तिथेच थांबावे. कडा आणि बॉडीच्या उंच रेषांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावावी. शेवटी मेण किंवा सीलंट चढवले नाही तर उघडा पडलेला रंग ऊन लवकर खाते.

पिवळे पडलेले प्लास्टिकचे दिवे 800, 1500, 2000 नंबरच्या पाणीकागदाने क्रमाने घासून पॉलिश करता येतात. परंतु त्यांवर उन्हापासून बचावाचा थर पुन्हा द्यावा, नाहीतर ते फिरून पिवळे होतात. पद्मिनी, ॲम्बेसेडरचे दिवे काचेचे, त्यांना कागद लावू नये.

कोकणात आणि मुंबईत गंज हा मोठा शत्रू आहे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघण्याची बारीक छिद्रे असतात, ती चिखलाने बुजतात आणि दार आतून सडते. पातळ प्लास्टिकच्या पट्टीने ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते करणारा कारागीर क्वचितच दिसतो. फुगलेल्या रंगावर मात्र पॉलिश मारू नये. खाली गंज आहे, ते काम टिंकरचे.

आतल्या भागात कुबट वास येत असेल तर अत्तराची बाटली टांगण्याआधी कार्पेट उचलावे. काचेच्या रबरातून किंवा एसीच्या नळीतून पाणी येत असते. ते बंद करून कार्पेट बाहेर उन्हात वाळवावे.

कार्पेट उचलल्यावर कधी कधी वेगळेच दिसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई परिसरात असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यानंतरही कुठे ना कुठे पूर येतच असतो. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसावी, सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले असावेत, डॅशबोर्डमागे वाळलेला गाळ असावा, तर ती गाडी बुडालेली समजावी. अशी गाडी एखादा दलाल आणतो आणि म्हणतो, "खुणा पुसून टाका, दोन पैसे जास्त घ्या." हे काम आम्ही घेत नाही आणि आमच्या बांधवांनीही घेऊ नये. अशा गाडीच्या वायरी आतून गंजत राहतात आणि ती विकत घेणारा बहुधा आपल्यासारखाच कोणीतरी असतो, बचत मोडून घरासाठी पहिली गाडी घेणारा. ऐब झाकण्याची मजुरी घेतली की त्या सौद्यात आपणही भागीदार होतो.

मालक स्वतः साफसफाई मागत असेल तर अवश्य करावी. बिलावर मात्र लिहावे : "कार्पेटखाली गाळ आढळला, वायरिंग तपासून घ्यावी." एक प्रत आपल्याकडे ठेवावी. गाडी ताब्यात देताना ट्यूबलाइटखाली देऊ नये, उन्हात बाहेर काढावी आणि जे ओरखडे राहिले आहेत ते आपणच बोट ठेवून दाखवावेत.