मुलांचे वरचेवर डोके दुखणे

आटगाव स्टेशनाभोवतीच्या पाड्यांतून फिरताना आयांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : "पोराचं डोकं दर दोन-चार दिवसांनी उठतं, शाळा चुकवायला सोंग तर करत नसंल?" सोंगे करणारी मुले नसतात असे नाही. पण ती खेळाची हाक येताच बरी होतात. खरे दुखणारे मूल बहुधा खेळही टाकून अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन निजते.

हे दुखणे बहुतकरून दोन प्रकारचे असते. एकात डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. दुसरी अर्धशिशी. नाव अर्धशिशी असले तरी मुलांत ती पुष्कळदा सबंध कपाळभर दुखते. ओकारी येते, उजेड व गलका सोसत नाही, आणि झोप झाली की मूल टवटवीत उठते. आईबापांपैकी कोणास ती असल्यास मुलास होण्याचा संभव अधिक.

तानसा व भातसा यांचे पाणी याच तालुक्यातून मुंबईस जाते, आणि वैशाखात येथीलच कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात! अशा दिवसांत मूल कोऱ्या चहावर उन्हातून जाते. दुपारपर्यंत पोटात ना पाणी, ना भाकर. त्यात रात्री उशिरापर्यंत मोबाईल. औषधापूर्वी हे सुधारावे. दुखल्याचा दिवस, वेळ, आधीचे खाणे व झोप ही वहीत टिपावी. दृष्टीही तपासून घ्यावी.

दुखू लागताच पाणी पाजावे, कपाळावर ओली घडी ठेवून अंधारात निजवावे. पॅरासिटामॉल द्यावयाचे तर वजनाच्या दर किलोस 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलास 500 ची अर्धी गोळी. पुढची मात्रा 6 तासांच्या आत नको. आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक लागू लागल्यास डॉक्टरांस विचारावे, कारण रोजच्या गोळीनेच डोके दुखू लागते. ॲस्पिरिन मुलांस देऊ नये.

एका मुलीच्या कपाळावर बिब्ब्याचा डाग आम्ही पाहिला. डोकेदुखी राहिलीच, व्रण मात्र जन्माचा झाला. आजीने तो मायेनेच दिला होता, म्हणून तिला बोल लावण्यास आमची जीभ उचलेना.

परंतु पहाटे दुखण्याने जाग येऊन ओकाऱ्या होणे, झोक जाणे, नव्याने तिरळे दिसणे, झटके, तापासह मान ताठणे, डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे, किंवा पाच वर्षांखालील मुलाचे वरचेवरचे दुखणे, यांपैकी काही असल्यास घरी थांबू नये. त्याच दिवशी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, व ती वही बरोबर न्यावी.