कावीळ माळेने उतरते का?

पावसाळा लागला की वस्तीत कावीळ येते आणि तिच्या पाठोपाठ कावीळ उतरवणाऱ्याच्या दारात रांग लागते. कोणी गळ्यात माळ घालून घेते, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन घेते, कोणी दंडावर डाग देऊन घेते.

आम्ही वॉर्डात परिचारिका होतो तेव्हा अशीच एक भगिनी आली. सात महिन्यांची गरोदर. डोळे पिवळे, बोलणे असंबद्ध आणि माळ पार बेंबीपर्यंत आलेली. घरचे नऊ दिवस माळेकडे पाहत होते. माळ वाढत होती, म्हणून निश्चिंत होते. ती आणि तिचे बाळ दोघेही वाचले नाहीत. सासू आम्हाला म्हणाली, "सिस्टर, माळ तर खाली उतरली होती, मग असं कसं झालं?" तेव्हा आम्ही तिला नीट उत्तर दिले नाही. उलट उशीर केला म्हणून बोललो. ते उत्तर आज देत आहोत.

पिवळेपणा येतो कुठून?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तात सोडते आणि ते मुख्यतः शौचावाटे बाहेर पडते. यकृताला सूज आली, पित्ताची वाट अडली किंवा पेशी फार वेगाने मोडू लागल्या, तर हे द्रव्य रक्तात साठते. मग डोळे आणि त्वचा पिवळी दिसते, लघवी गडद होते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे, त्यामागचे आजार अनेक आहेत. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून व आईकडून बाळाला होणारा हिपॅटायटिस बी, दारू, पित्ताचे खडे, लेप्टोस्पायरोसिस. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेलही आहे. इतक्या वेगवेगळ्या आजारांवर एकच माळ कशी चालेल, हा पहिला प्रश्न विचारायचा.

माळ का वाढते?

ही माळ ओल्या काड्यांच्या लहान तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्याभोवती दोऱ्याचा फास असतो. काड्या वाळल्या की आकसतात, फास सैल होतात, त्यात गुंतलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांब होते. अंगातली कावीळ त्यात उतरत नाही.

आमच्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. एका महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही सारख्याच दोन माळा मागवल्या. एक धडधाकट कार्यकर्तीच्या गळ्यात घातली, दुसरी खुंटीला अडकवली. पुढच्या बैठकीपर्यंत दोन्ही वाढल्या होत्या. एक आजी म्हणाल्या, "म्हंजी खुंटीलाबी कावीळ झाली व्हय?" त्यानंतर आम्हाला भाषण करावे लागले नाही.

हात धुतल्यावर पाणी पिवळे का होते?

हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस किंवा पूड लावलेली असते. चुन्याची निवळी त्याला लागली की पिवळा रंग येतो. बिलिरुबिन तळहातातून पाण्यात उतरत नाही. इथेही तपासणी सोपी आहे. ज्याला कावीळ नाही त्याचे हात आधी धुवायला सांगा. पाणी तरीही पिवळे झाले, तर रंग रोग्याचा नाही.

मग लोक बरे कसे होतात?

बरे होतात हे खरेच आहे. हिपॅटायटिस ए आणि ई यांतून बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, कारण शरीरच विषाणूशी लढते. माळही साधारण तितकेच दिवस घालायची असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! शिवाय जे बरे झाले ते गावभर सांगतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत. म्हणून 'आमच्या शेजारणीला गुण आला' एवढ्यावर थांबू नये. किती जण गेले, त्यातले किती बरे झाले आणि माळ न घालणारे किती बरे झाले, हे तिन्ही विचारावे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हाच मार्ग दाखवला होता. परंपरेने आले किंवा मोठ्याने सांगितले एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखून घ्या.

थांबायचे नाही ते कोणी?

हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला, तर शंभरातील 20 ते 25 स्त्रिया दगावू शकतात. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना. गुंगी, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या, रक्तस्राव, तापासह पोटात तीव्र दुखणे, पांढरट शौच यांपैकी काहीही दिसले तरी तसेच. गंभीर असेल तर 108 ला फोन करा. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी पिवळे झालेले किंवा तळपायापर्यंत पिवळे दिसणारे बाळ लगेच दाखवा. त्याला उजेडाखाली ठेवण्याचे उपचार असतात, डाग देणे हा उपचार नव्हे. इतरांनीही डोळे पिवळे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

हळद बंद, तेल बंद, नुसता उकडलेला भात, असे पथ्य करून माणूस आणखी अशक्त होतो. हळदीचा पिवळा आणि कावीळीचा पिवळा यांचा संबंध नाही. पचेल ते साधे घरचे जेवण द्या. दारू पूर्ण बंद. मनाने कोणतीही गोळी किंवा झाडपाला नको, त्याचाही भार यकृतावरच पडतो. बाळ जन्मल्यावर 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, हे विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

खरा उतारा नळापाशी

1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ईची साथ होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळले. आपल्या वस्तीत नळाची पाइपलाइन गटारातून जात असेल, तर तीच गोष्ट दरवर्षी छोट्या प्रमाणात घडते. एका आळीत दोन-तीन जणांना कावीळ दिसली की आशाताईंना कळवा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विहिरीत टीसीएल पावडर पडते का, ओटी टेस्ट होते का, हे समोर उभे राहून पाहा. तोपर्यंत पाणी खळखळून उकळून प्या. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही.

शेवटी एक विनंती. माळ घातलेल्या बाईला हसू नका, रागावू नका. दवाखाना लांब असतो, रोज बुडतो आणि तिथे आमच्यासारखे कोणी खेकसतेही. माळ गळ्यात असली तरी राहू द्या, पण तिला सोबत घेऊन आजच दवाखान्यात जा. रिपोर्ट हातात आला की माळ खुंटीला अडकवा आणि तिथे ती वाढते का, हे घरातल्या सगळ्यांना पाहू द्या.