दुपारी डोळा लागला की कान जास्त का वाजतात?

प्रश्न : वय 63. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर काम केलं. आता दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किर्रर्र चालू असते. सकाळी त्रास कमी असतो. पण जेवून तास-दीड तास झोपलो की उठल्यावर आवाज दुपटीने वाढलेला असतो आणि रात्रीपर्यंत उतरत नाही. घरचे म्हणतात, झोपेसारखं औषध नाही. मग माझंच उलटं का? दुपारची झोप बंद करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बंद करू नका, आखूड करा. आणि घरच्यांना सांगा की हा मनाचा खेळ नाही. कान वाजणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदी युरोपातल्या संशोधकांनी तपासल्या आहेत. बहुतेकांना डुलकीने काही फरक पडत नाही. पण ज्यांना पडतो, त्यांच्यात आवाज वाढला म्हणणारे कमी झाला म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. वर्षानुवर्षं तो कानावर आदळला की आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका उंच पट्टीच्या आवाजांना, साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपास बसतो. तिकडून मेंदूला संदेश येईनासे झाले की ऐकण्याचं काम करणाऱ्या मेंदूतल्या पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात आणि बाहेर काही नसताना स्वतःच सक्रिय राहतात. तीच तुमची किर्रर्र. ती उंच पट्टीतलीच का, हेही यावरून कळेल.

शांततेत ती आणखी ठळक होते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या 94 टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं! धडधाकट कानांची ही गत, तर दुपारी सगळं घर निजलेलं असताना तुमच्या कानांचं काय होत असेल?

आता झोप. खोल झोपेत मेंदूच्या पेशी मोठ्या, संथ लाटांमध्ये एकत्र काम करतात. या लाटा कान वाजवणारी अतिसक्रियता दाबत असाव्यात, अशी मांडणी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 साली केली. पुढे त्यांनी फेरेट नावाच्या मुंगसाच्या चणीच्या प्राण्यांवर प्रयोग केले. मोठ्या आवाजानंतर ज्या फेरेटमध्ये कान वाजण्याची लक्षणं दिसली, त्यांची झोपही बिघडली. मात्र खोल झोपेत त्यांच्या मेंदूची ती अतिसक्रियता उतरलेली आढळली. रात्रीची सलग झोप लागली की तुमची सकाळ बरी जाते, त्याचं कारण यात असू शकतं. दुखणं झोप मोडतं आणि मोडलेली झोप दुखणं वाढवते, हा फेराही इथेच सुरू होतो.

दुपारच्या झोपेत मात्र दोन-तीन गोष्टी एकदम जुळून येतात. अर्धा तास उलटला की आपण खोल झोपेत शिरतो, आणि तिथून मध्येच उठलं की डोकं जड राहतं. मानेच्या आणि जबड्याच्या नसांचे संदेश श्रवणमार्गाच्या पहिल्याच थांब्यावर येऊन मिसळतात, म्हणून झोपताना मान कशी पडली यालाही महत्त्व आहे. घरीच बघा : दातांवर दात घट्ट आवळा, मान हळूच एका बाजूला वळवा. किर्रर्र वर-खाली झाली, तर तुमच्या दुखण्यात मानेचा किंवा जबड्याचा वाटा असू शकतो. मग खुर्चीत मान टाकून किंवा सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून झोपणं आधी थांबवा.

करून काय पाहायचं? गजर लावून वीस मिनिटंच पडा, तेही तीनच्या आत. उशिरा झोपलं की रात्रीची झोप पातळ होते, आणि तुमचा आधार रात्रीच्या झोपेचाच आहे. उशी मानेला आधार देणारी घ्या. पंखा चालू असू द्या. थंडीत पंखा बंद झाला की कानांचा त्रास वाढल्याचं बरेच जण सांगतात. तेव्हा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, पण किर्रर्रपेक्षा हळू. ती बुडवायची नाही, तिला सोबत द्यायची. झोपताना कानात कापूस किंवा बोळे मुळीच नकोत. दोन आठवडे असं करा आणि उठल्यावर कसं वाटतं ते वहीत एका शब्दात लिहा. दिवसभर कान देऊन आवाज मोजत बसू नका, लक्ष दिलं की तो वाढतो. वीस मिनिटांनीही तोच त्रास झाला, तर दुपारी नुसतं आडवं व्हा, डोळा लागू देऊ नका.

झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. हा आवाज सोसायला सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचाराची पद्धत, सीबीटी. तिचीच एक शाखा निद्रानाशासाठी आहे.

श्रवणचाचणी केली नसेल तर या महिन्यातच करून घ्या. श्रवणयंत्र लावल्यावर बाहेरचे आवाज परत येतात आणि किर्रर्र मागे पडते, असं अनेकांना जाणवतं. आवाज एकाच कानात राहू लागला किंवा नाडीच्या ठोक्यावर वाजू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक ऐकू येणंच कमी झालं, तर त्याच दिवशी जा. तिथे दिवस वाया घालवणं महागात पडतं. आणि घरात विचारा, तुम्ही जोरात घोरता का, घोरता घोरता श्वास थांबतो का. उत्तर हो असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, कारण तसं असेल तर रात्रीची झोपही तुम्हाला पुरी मिळत नाही.