किल्ली आपल्या हाती, घर दुसऱ्याचे
(खेळाचे जुने खाते विकत घेणाऱ्यांसाठी एक पाठ)



मागील एका गणेशचतुर्थीनंतर आमच्या दहावीच्या वर्गातील एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो मान खाली घालूनच. मधल्या सुट्टीत मी त्याला बाजूस बोलावून विचारपूस केली. वर्गात आम्ही मराठी बोलतो. परंतु मनातले दुःख सांगताना मूल घरच्या भाषेकडे वळते. तो कोकणीत बोलू लागला आणि मीही कोकणीतच ऐकत राहिले.

चतुर्थीला आजीने व मामांनी हातावर ठेवलेले ३,२०० रुपये त्याने एका मोठ्या मुलाच्या मोबाइलवरून एका अनोळखी माणसास पाठविले होते आणि मोबाइलवरील एका खेळाचे ‘जुने खाते’ विकत घेतले होते. अकरा दिवस ते खाते त्याच्यापाशी नांदले. बाराव्या दिवशी ते उघडेना. ते परत मिळवून देतो, असे सांगणारा दुसरा एक ‘जाणकार’ लगेच भेटला. त्याने आणखी १,५०० रुपये घेतले आणि तोही नाहीसा झाला. हे दुसरे पैसे वडिलांच्या मोबाइलवरून, त्यांना न विचारता गेले होते. पैसे गेल्यापेक्षा ही गोष्ट त्या मुलास अधिक जाळीत होती.

त्याच्या संमतीने, परंतु त्याचे नाव न घेता, ही हकीकत मी येथे देत आहे. हेतू एवढाच, की हा व्यवहार नेमका कसा असतो आणि त्यात फसगत कोठे होते, हे तुम्हांस उमगावे.

खाते म्हणजे काय?

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, क्लॅश ऑफ क्लॅन्स यांसारख्या खेळांत खेळाडूने मिळविलेली पातळी, शस्त्रे, पोशाख हे सारे त्याच्या मोबाइलमध्ये नसते. ते खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकावर त्याच्या नावाने नोंदलेले असते. खाते म्हणजे त्या नोंदवहीतील एक पान, आणि परवलीचा शब्द म्हणजे ते पान उघडण्याची किल्ली.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. तुमच्या सभासदपत्रावर तुम्ही पुस्तके नेता. उद्या ते पत्र तुम्ही शेजारच्या वर्गातील मुलास दहा रुपयांना विकले, तर तो ग्रंथालयाचा सभासद होईल काय? ग्रंथपालांच्या वहीत नाव तुमचेच राहणार. तुम्ही जाऊन ‘माझे पत्र हरवले’ असे म्हणताच ते तुम्हांस नवे पत्र देतील आणि पैसे देणारा रिकाम्या हाताने उभा राहील.

खेळाच्या खात्याचे नेमके असेच आहे. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा खेळ २०१२ साली काढणारी फिनलंडमधील सुपरसेल कंपनी काय, किंवा संगणकावरील खेळांचे स्टीम हे मोठे भांडार काय, दोघांच्याही अटींत खाते विकण्यास मनाई आहे. आपण ‘मान्य आहे’ या अक्षरांवर बोट ठेवून पुढे जातो. त्या न वाचलेल्या पानांवर हेच लिहिलेले असते, की खाते वापरण्याची तुम्हांस परवानगी दिली आहे, ते तुमच्या मालकीचे केलेले नाही.

गेलेले खाते परत कसे जाते?

पुष्कळांना वाटते, की परवलीचा शब्द बदलला म्हणजे खाते पक्के आपले झाले. हा मोठाच गैरसमज होय. परवलीचा शब्द विसरणारे खेळाडू असतातच, म्हणून कंपन्यांनी खाते परत मिळविण्याची सोय ठेवलेली असते. तेथे विचारले जाणारे प्रश्न बहुधा खात्याच्या जन्माशी निगडित असतात: ते कधी उघडले, पहिला ईमेल कोणता, पहिली खरेदी केव्हा केली व तिची पावती कोठे आहे. ही उत्तरे मूळ धन्यालाच ठाऊक असतात आणि तुम्ही कितीही शब्द बदलले तरी ती बदलत नाहीत. म्हणून विकणारा आज पैसे घेतो, काही दिवस थांबतो आणि मग ‘माझे खाते चोरीस गेले’ अशी तक्रार करून ते परत घेतो. त्यानंतर तेच खाते तो तिसऱ्यास विकू शकतो.

याहून वाईट प्रकारही घडतो. विकणाऱ्याने ते खाते मुळात दुसऱ्या कोणाचे चोरलेले असते. तेव्हा खरा धनी जागा होताच ते जाते, आणि तक्रार करावयास जावे तर चोरीचा माल आपल्याच हाती सापडतो.

फसविणाऱ्यांच्या रीती

आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण जुनी आहे. आवळे तेवढे नवे आहेत. त्यांतील नेहमीचे पाच येथे सांगते.

१. विसार: ‘आणखी तिघे मागत आहेत, आताच पाचशे पाठवा’ अशी घाई केली जाते. पैसे पोहोचताच समोरचा माणूस बोलेनासा होतो.

२. खोटा मध्यस्थ: ‘तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर पैसे अमक्याकडे ठेवू’ असे विकणाराच सुचवितो. तो अमका त्याचाच साथीदार असतो, किंवा तो स्वतःच दुसऱ्या नावाने बोलत असतो.

३. खोटे दार: ‘खाते तपासून पाहा’ म्हणून एक दुवा पाठविला जातो. उघडणारे पान खऱ्या पानासारखेच दिसते. परंतु तेथे लिहिलेला परवलीचा शब्द थेट चोराच्या हाती जातो.

४. उलटे पैसे: ही रीत खाते विकू पाहणाऱ्यासाठी असते. ‘पैसे मिळण्यासाठी हे चौकोनी चित्र स्कॅन करा आणि पिन घाला’ असे सांगतात. पक्के ध्यानात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही.

५. दुसरा वैद्य: एकदा फसलेल्यास शोधून ‘मी परत मिळवून देतो’ असे सांगणारा. आमच्या विद्यार्थ्याचे १,५०० रुपये यानेच नेले. बुडालेले परत मिळविण्याची तळमळ माणसाला दुसऱ्यांदा आंधळे करते.

कायदा काय म्हणतो?

ज्याचे स्वतःचे नाही ते तो दुसऱ्यास देऊ शकत नाही, हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यातही सांगितलेले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती, म्हणजे सामान्यतः अठरा वर्षांखालील मुलगा वा मुलगी, करार करण्यास पात्र नाही. त्यामुळे विकणाऱ्याने दिलेले शब्द करार म्हणून न्यायालयात उभे करणे तुम्हांस कठीण. मात्र फसवणूक हा गुन्हाच होय. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन ठकविणाऱ्यास २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा आपण भोळे ठरलो असू, तरी गुन्हेगार आपण नव्हे, तो आहे.

मोह झालाच तर

सर्वांत सुरक्षित मार्ग एकच: जुने खाते घेऊ नये. तरीही मोह झाला, तर स्वतःस चार प्रश्न विचारावेत. या खेळाच्या अटी हा व्यवहार मान्य करतात काय? पहिला ईमेल व पहिल्या पावत्या कोणापाशी राहणार? एवढे मोलाचे खाते हा इतक्या स्वस्तात का देत आहे? आणि शेवटचा प्रश्न, हा व्यवहार मी घरी सांगू शकेन काय? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गोड वाटली आणि चौथ्याचे ‘नाही’ आले, तर तेथेच थांबावे. शिवाय ज्या ईमेलवर आपले किंवा घरच्यांचे इतर व्यवहार चालतात, तो किंवा त्याचा परवलीचा शब्द खेळापायी कोणाच्याही हाती देऊ नये. मोबाइलवर आलेला ओटीपी तर मित्रासही सांगू नये.

फसलोच तर

वेळ दवडू नये. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार घेतली जाते. दांडीयात्रेचे साल ज्यास पाठ आहे, त्यास हा आकडा विसरणार नाही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. बँकेसही तत्काळ कळवावे. बोलणे पुसून टाकू नये; त्याची व पैसे पाठविल्याच्या नोंदीची छायाचित्रे जपून ठेवावीत. चोराने पैसे काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते मध्येच अडविले जाण्याची शक्यता असते. प्रत्येक तासाबरोबर ती शक्यता ओसरते.

आमच्या विद्यार्थ्याने तेच तास लाजेपायी घालविले. त्या दिवशी सायंकाळी मी त्याच्यासोबत त्याच्या घरी गेले. वडील अंगणात होते. मुलाने सारे सांगितले. तो बोलत असता मीच अधिक भ्याले होते. वडिलांनी सर्व ऐकून घेतले, त्याच्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘पहिल्याच दिवशी का सांगितले नाहीस?’

तक्रार नोंदविली गेली. पैसे परत आले नाहीत. परंतु दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला, तो मान वर करून.

मित्रहो, चोर जितका परवलीच्या शब्दावर जगतो, तितकाच तो आपल्या मौनावरही जगतो. परवलीचा शब्द कोणास सांगू नका. झालेली चूक मात्र त्याच दिवशी घरी सांगा.