क्षयाच्या जीवाणूची ढाल

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की पांढरा फेस येतो, हे तुम्ही पाहिले असेल. आपल्या रक्तातील कॅटालेज नावाचे विकर त्या द्रवाचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन करते. ऑक्सिजनचे बुडबुडे म्हणजेच तो फेस. अशाच प्रकारचे विकर क्षयरोगाच्या जीवाणूजवळही असते.

हा जीवाणू फुप्फुसात शिरला की शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनांचा मारा करतात. लोखंड ज्या क्रियेने गंजते, त्याच जातीचा, पण कितीतरी वेगवान असा हा हल्ला असतो. कॅटालेज ही त्या हल्ल्यापुढे धरलेली जीवाणूची ढाल होय.

क्षयरोगावर आयसोनियाझिड हे औषध गुणकारी असल्याचे 1952 साली दिसून आले. नवल असे, की हे औषध मुळात जीवाणूला अपाय करीत नाही. जीवाणूचे कॅटालेजच त्याला मारक रूप देते. मग जीवाणूच्या मेणचट भिंतीची बांधणी खुंटते. ढाल टाकून दिली, तर औषध बाधत नाही. मात्र पेरॉक्साइडपुढे जीवाणू उघडा पडतो.

या कोड्याचा अभ्यास चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. तेथे 1956 साली क्षयरोग उपचार केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. केंद्राच्या पहिल्या प्रयोगात 193 रुग्ण होते. काहींना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच वर्षभर औषधे दिली. घरच्या उपचारांचे फळ आरोग्यधामातील उपचारांच्या जवळपास येते, हे 1959 च्या अहवालाने दाखविले. क्षयाच्या उपचारांची दिशाच त्यामुळे बदलली. रुग्णांच्या थुंकीतील जीवाणूही तेथे तपासले जात. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मद्रासकडील अनेक जीवाणू ब्रिटनमधील जीवाणूंपेक्षा पेरॉक्साइडने लवकर मरत, आणि गिनीपिगमध्ये त्यांचा जोरही कमी दिसे. कॅटालेज गमावलेले, आयसोनियाझिडला न जुमानणारे जीवाणू तर पेरॉक्साइडपुढे फारच दुबळे ठरत.

मग औषधाला न जुमानणारा जीवाणू दुबळाच असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. निसर्गाने मात्र पळवाट ठेवली होती. या विकराचे जनुक आणि आयसोनियाझिड यांचा संबंध 1992 साली उघड झाला. पुढे आढळले, की या जनुकातील सर्वांत नेहमीच्या बदलात विकराचा केवळ एक घटक बदलतो. त्यामुळे औषध मारक बनत नाही, पण ढाल बरीचशी शाबूत राहते.

‘रुग्णाच्या अंगाला औषधाची सवय झाली’ असे लोक म्हणतात, ते खरे नव्हे. बदलतो तो जीवाणू. असा बदललेला जीवाणू साधारणपणे दहा लाखांत एखादा असतो आणि फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जीवाणू मावतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. म्हणून अनेक औषधे एकत्र देतात. नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे असतात. तोवर खोकला बहुधा थांबलेला असतो. तरीही काही जीवाणू वाढ थांबवून निपचित पडलेले असतात. वाढत्या भिंतीवर घाव घालणारे आयसोनियाझिड त्यांना फारसे लागू पडत नाही. पुढचे चार महिने असतात ते त्यांच्यासाठी.